मन्मथ हे नाव कामदेवाचे, पण आपल्याकडे आले कपिलधारेहून

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘म’ अक्षरावरून मुलांच्या नावांची यादी छापून आली आहे. तिच्यात ‘मन्मथ – कामदेव; दुर्मीळ, बंगाली वळणाचे नाव’ अशी एक ओळ आहे. शब्दकोश समोर ठेवून लिहिणाऱ्याने असे लिहिले तर त्याला खोटे म्हणता येत नाही. पण आपला अंक बीड, लातूर, नांदेड, परभणीत वाचला जातो. इथल्या लिंगायत घरांत दोन-तीन पिढ्या मागे गेले की कुणी ना कुणी मन्मथअप्पा निघतोच. त्यांच्या नातवंडांनी ही ओळ वाचून काय समजायचे? पणजीने पोराचे नाव हौसेने मदन ठेवले होते, असे? तसे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी शब्द. ‘मनाला मथतो तो मन्मथ’ ही फोड सर्वांना ठाऊक असते. मथ् म्हणजे घुसळणे. मंथन, मथित हे त्याच घरचे शब्द. काही कोशकार मात्र ‘मन्’ म्हणजे ‘मन’ असे धरत नाहीत. त्यांच्या मते हे ‘मथ्’ धातूचेच दुणावलेले रूप आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा, जोराने घुसळणारा. दोन्हींत घुसळण आहेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला ‘प्रमाथि’ म्हणतो, तेही याच धातूचे. तिथे मन घुसळते आणि इथे मन घुसळले जाते, एवढाच फरक. अमरकोशात कामदेवाच्या नावांची ओळ ‘मदनो मन्मथो मारः’ अशी सुरू होते, म्हणून कोशातला पहिला अर्थ कामदेव.

पण त्याच अमरकोशात पुढे वनौषधींच्या वर्गात मन्मथ हे कवठाच्या झाडाचेही नाव दिले आहे. आपल्याकडे महाशिवरात्रीला कवठ लागते. ज्याने मन्मथाला तिसऱ्या डोळ्याने जाळले, त्याच्याचपुढे वर्षातून एकदा मन्मथ फोडून ठेवायचा, हा योग कुणी जुळवून आणला नसेल, पण गमतीचा आहे.

तिसरा अर्थ पंचांगातला. साठ संवत्सरांच्या चक्रात मन्मथ हे एकोणतिसावे. ते मागच्या वेळी शके १९३७ ला आले होते, म्हणजे २१ मार्च २०१५ च्या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. त्याआधी शके १८७७ ला, १९५५-५६ मध्ये आले होते, आणि आता २०७५ शिवाय येणार नाही. २०१५ सालचा पावसाळा मराठवाड्याला आठवतो तो कोरड्या आभाळासाठी. लातूरला पाण्याची रेल्वे आली ती एप्रिल २०१६ मध्ये, आणि तोवर पाडवा होऊन दुर्मुख संवत्सर लागले होते. मन्मथ संवत्सरात जन्मलेल्या मुलाच्या बारशाचा संकल्प ‘मन्मथनाम संवत्सरे’ असाच झाला असेल. पण संवत्सरावरून मुलाचे नाव ठेवायची रीत आपल्याकडे नाही. तेव्हा मराठवाड्यातल्या मन्मथाचे मूळ पंचांगातही नाही.

ते मूळ आहे कपिलधारेला. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ डोंगराच्या कुशीत जिथे धबधबा पडतो, तिथे संत मन्मथस्वामींची समाधी आहे. मराठीत वीरशैव विचार ओवीबद्ध सांगणारा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ त्यांचा. गावोगावच्या अखंड शिवनाम सप्ताहात आजही याच ग्रंथाचे पारायण होते. सकाळी पारायण, दुपारी प्रवचन, रात्री शिवकीर्तन, असा सात दिवसांचा क्रम असतो. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारेला यात्रा भरते आणि तिच्या आधी लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीकडून दिंड्या पायी निघतात. वारकऱ्यांची कार्तिकी एकादशीला पंढरपुरात, तर यांची चार दिवसांनी कपिलधारेला. कार्तिक पौर्णिमा म्हणजे त्रिपुरारी पौर्णिमा, शिवाचाच दिवस, हे वेगळे सांगायला नको. परळीमुळे आपल्याकडे वैजनाथ झाले, औंढ्यामुळे नागनाथ झाले, तेरमुळे गोरोबा झाले, तसा कपिलधारेमुळे मन्मथ झाला. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यापुढे समाधी होती, पाच बाणांचा देव नव्हता.

मग शिवभक्तांच्या गुरूचे नाव कामदेवाचे कसे, हा प्रश्न राहतो. सप्ताहात कीर्तनकार त्याचे उत्तर घुसळणीनेच देतात: कामदेव दुसऱ्याचे मन घुसळतो, स्वामींनी स्वतःचे घुसळले आणि लोणी वर काढले. व्याकरणाला हे चालते, कारण मथणारा कुणाचे मन मथतो हे शब्दात कुठेच सांगितलेले नाही.

ज्यांना एवढ्याने पटत नसेल त्यांनी घराण्याची वंशावळ काढून पाहावी. मन्मथच्या भावांची नावे शिवलिंग, बसलिंग, वीरभद्र, नागनाथ, काशिनाथ अशी असतात. बहिणी महादेवी, गिरिजा, शिवकन्या. कामदेवाचे नाव हौसेने ठेवले असते तर त्या घरात कुठेतरी एखादी रती, एखादा अनंग, एखादा मकरध्वज सापडला असता. तसा सापडत नाही. एकट्या नावाचा अर्थ कोशातून निघतो, पण ते कुणी, कशासाठी ठेवले हे भावंडांच्या नावांवरूनच कळते. दुर्मीळ नावांच्या याद्या करणाऱ्यांनी ही तपासणी जरूर करावी. तिला पाच मिनिटे लागतात.

बंगाली वळणाबद्दलही थोडे. बंगालमध्ये हे नाव आहे, पण त्याची वाट वेगळी. तिकडे बहुधा नुसते मन्मथ नसते, मन्मथनाथ असते, म्हणजे मन्मथाचाही स्वामी तो कृष्ण. भागवतात रासाच्या प्रसंगी कृष्णाला ‘साक्षान्मन्मथमन्मथः’ म्हटले आहे, त्या अंगाचे ते वैष्णव नाव. काकोरी कटात चौदा वर्षांची सजा झालेले क्रांतिकारक मन्मथनाथ गुप्त बनारसच्या बंगाली घरातले होते. आपला मन्मथ शैव, त्यांचा वैष्णव. अक्षरे तेवढी सारखी. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात गेलात तर आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे ‘मन्मथुडु’ म्हटले की लोक हसतात, कारण बोलीत त्याचा अर्थ रंगेल, देखणा गडी. सीमेवरच्या गावांतली पोरे शाळेत चिडवली जातात ती यामुळे. आता कॉलेजातली मुले मोबाइलवर अर्थ शोधतात आणि त्यांना पहिल्या ओळीत कामदेवच दिसतो. आपल्या यादीने त्यात भर घातली.

आता ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे येऊ. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे सरकारी खाते कोणते नाव किती बाळांना ठेवले याची यादी दरवर्षी छापते आणि तिथला हिशेब १८८० पर्यंत मागे जातो. आपल्याकडे अशी सरकारी यादी निघत नाही, जनगणनाही नावांची मोजदाद छापत नाही. त्यामुळे एखादे नाव दुर्मीळ आहे की नाही हे छापणारा अंदाजानेच छापतो. मात्र गावापुरती मोजणी कुणालाही करता येते. मतदार यादी घ्यावी. तिच्यात मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावे असतात आणि ती वाचायला तासभर पुरतो. हल्ली या याद्या चित्ररूपात मिळतात, शोध चालत नाही, म्हणून डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. आणि ते बरेच आहे, कारण शोधाने निम्मे मन्मथ सापडलेच नसते. ते का, हे पुढे येते.

वाचताना दोन रकाने वेगळे मोजायचे. मतदाराच्या स्वतःच्या नावात मन्मथ आला तर एक माणूस. वडील किंवा पती या रकान्यात आला तर सावध राहायचे. मन्मथअप्पांची बायको, दोन मुलगे आणि एक अविवाहित मुलगी मतदार असतील तर एकच मन्मथ चार ओळींत दिसतो. सुनांच्या ओळीत मात्र तो नसतो, कारण तिथे त्यांच्या नवऱ्याचे नाव असते. म्हणून या रकान्यातले मन्मथ घर क्रमांकानुसार एकत्र करायचे, एका घराला एक. मग प्रत्येकाचे वय यादीच्या वर्षातून वजा करून जन्मसाल काढायचे. चित्र बहुधा असे दिसते: स्वतःच्या नावात मन्मथ असलेले बहुतेक साठीच्या पुढचे, आणि तिशी-पस्तिशीतल्यांकडे तो बापाच्या किंवा नावामागे दडलेल्या आजोबाच्या रूपात. नाव संपत नाही, पहिल्या जागेवरून मधल्या जागेवर सरकते, आणि पुढच्या पिढीत तिथूनही जाते.

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा शासकीय क्रम बदलला आहे: आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. आईचे नाव आले ही चांगलीच गोष्ट. पण मन्मथ आता दुसरा न राहता तिसरा झाला, आणि फॉर्मच्या चौकटी अपुऱ्या पडल्या की सर्वांत आधी त्याचीच काटछाट होईल.

आता लिहिण्याचा घोळ. शाळेच्या जनरल रजिस्टरवर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीवर, ज्यांची हयात गेली त्यांना या एका नावाचे पाच अवतार तोंडपाठ असतात: मन्मथ, मनमथ, मन्मत, मनमत आणि मन्मंत. यातला पहिला बरोबर. बाकीचे अडाण्यांनी केलेले नाहीत. प्रत्येकामागे कारण आहे.

मनमाड हा शब्द आपण पूर्ण ‘न’ घालून लिहितो, पण उच्चारतो मन्‌माड. मनमोहनचेही तसेच. त्यामुळे ‘मनमथ’ आणि ‘मन्मथ’ कानाला अगदी एकच. बापाने तोंडी सांगितले आणि लिहिणाऱ्याने मनमाडसारखे लिहिले, तर दोघांचाही दोष नाही. ‘थ’चा ‘त’ होतो तो मराठीच्या सवयीने. शब्दाच्या शेवटचा हकार आपली जीभ टाकून देते. हिंदीतला ‘हाथ’ आपल्याकडे ‘हात’ आहे. आणि मन्मंत झाला तो हनमंताच्या चालीवर.

जुन्या कागदांत आणखी एक गाठ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, दफ्तर उर्दूत होते, गावकामगारांच्या काही नोंदी मोडीत. उर्दूत हे नाव मीम, नून, मीम, ते आणि दोचश्मी हे (हकार दाखवणारे अक्षर) एवढ्या अक्षरांवर भागते. ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही, म्हणून वाचणारा मनमथ वाचतो. शेवटची दोचश्मी हे लिहायची राहिली किंवा कागदाच्या कडेला फाटली की मनमत. मोडीत जोडाक्षरे मोडून लिहिण्याकडे कल, त्यामुळे तिथेही पूर्ण ‘न’च मिळतो. त्या कागदाचे देवनागरीत भाषांतर करून घेताना भाषांतरकाराला ‘कपिलधारेचे मन्मथस्वामी’ एवढे सांगितले तरी पुढचा फेरा चुकतो. नाहीतर तो अक्षराला अक्षर लावून मनमत लिहितो, शिक्का मारतो, आणि मग ते मनमत कायमचे होते.

पाचही अवतारांवर आणखी एक टोपी असते ती ‘अप्पा’ची. अप्पा हा मान आहे, नावाचा भाग नाही. पण जन्मनोंदीत मन्मथ, सातबाऱ्यावर मन्मथअप्पा, सोसायटीच्या खात्यावर मन्मथप्पा, असे होऊन बसते. माणूस हयात असेपर्यंत तलाठी, सचिव, पोस्टमन सगळे ओळखतात, म्हणून अडत नाही. अडते ते वारसाच्या फेरफारात आणि जात पडताळणीत. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांचा असतो, आणि तिथे आजोबा ‘मनमतअप्पा’ असतात, तर नातवाच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘मन्मथ’. समितीपुढे ही दोन माणसे होतात. संगणकालाही ती दोनच दिसतात: मनमथ शोधले तर मन्मथ सापडत नाही, कारण मधल्या हलन्ताने, म्हणजे पाय मोडलेल्या ‘न’ने, शब्दच वेगळा होतो.

यावर उपाय सुरुवातीलाच आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसले तरी चालते. नाव पुढे १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यातून निघायच्या घाईत तोंडी नाव सांगू नये. बारसे होऊ द्यावे, मग चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात म, जोडाक्षर न्म, थ असे लिहून द्यावे, मागे अप्पा लावू नये, आणि त्याच चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरेही लिहावीत: एम, ए, एन, एम, ए, टी, एच. ही सातच. शेवटचा एच गळला की मनमत झालेच समजा. प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येते. काउंटर सोडण्यापूर्वी दोन्ही ओळी वाचाव्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र लागणार आहे.

चूक झालीच असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामपंचायतीतच, अर्ज करावा. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारीख घालून सही करतो. खाडाखोड केलेली नोंद पुढे संशयास्पद ठरते, म्हणून ‘जरा तिथेच नीट करून द्या’ असा आग्रह धरू नये. त्यानंतर आधार. तिथे यंत्र इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप तयार करते आणि टीएच पाहून कधी ‘मनमठ’ही करून ठेवते. पावतीवर सही करण्याआधी पडद्यावरची मराठी ओळ पाहायची. आधारावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, ते अशा चुकीवर खर्ची घालू नये.

शेवटी शाळा. मूल शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरला हात लावणे फार अवघड. लेखनिकाची चूक आहे हे कागदाने सिद्ध झाले तरच वाट निघते. दहावीच्या परीक्षेआधी मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षार्थींच्या नोंदींची तपासणी यादी, येते. ती तपासताना बापाच्या नावातला मन्मथही तपासावा. मुलाचे नाव सगळे पाहतात, मधले कुणी पाहत नाही. ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढतानाही शाळेच्या नोंदीतले नाव आधारशी जुळावे लागते, आणि तिथे एका हलन्तावरून नोंद परत येते.

यात वर्तमानपत्रांचाही वाटा आहे. दिंडीच्या बातमीत मन्मथस्वामी, त्याच पानावरच्या निधनवार्तेत मनमतअप्पा, आणि आतल्या जाहीर नोटिशीत ‘मन्मथ व मनमथ ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’, असे एकाच अंकात वाचायला मिळते. कार्तिक पौर्णिमेच्या आधी दिंड्यांच्या बातम्यांची रीघ लागेल. तेवढ्यापुरते तरी उपसंपादकांच्या टेबलावर एक रूप ठरवून ठेवावे.

आणि यादीतली ओळ पुन्हा छापणार असाल तर अशी छापावी: ‘मन्मथ – (१) मन घुसळणारा, कामदेव. (२) मराठवाड्यात कपिलधारेच्या संत मन्मथस्वामींवरून ठेवतात. राशी सिंह. लिहिताना न्म जोडून, शेवटी थ.’

आपला,
एक निवृत्त शाळा लिपिक,
अहमदपूर (जि. लातूर)